सावडीचे औषधपाणी

सावळ्याच्या बैलाने, कवड्याने, त्या दिवशी सकाळी पुढ्यातल्या पेंढ्याकडे पाहिले आणि मान फिरवली. संसाराला विटलेल्या माणसाच्या तोंडावर जो भाव असतो तोच त्याच्या तोंडावर होता. डावी कूस ढोलासारखी फुगली होती. सावळ्याने ती बोटांनी वाजवून पाहिली. आवाजही ढोलाचाच आला.

आवणीचे दिवस होते. भाताची रोपे हातभर झाली होती, खाचरात पाणी उभे होते आणि चिखल करायला बैलांची जोडी हवी होती. आठवडाभरात चिखल झाला नाही तर रोपे जून होणार, आणि जून रोप लावले काय न लावले काय, सारखेच. सावळ्याकडे जोडी नव्हती. त्याच्याकडे एक बैल होता आणि मेव्हण्याकडे, सुकऱ्याकडे, एक. दोघांची सावड होती. दोघांचे बैल मिळून एक जोडी, आधी एकाचे खाचर, मग दुसऱ्याचे. दाभोशाच्या वरच्या पाड्यावर अशा सावडी घरोघर होत्या, पण या दोघांची सावड सगळ्यांत कडक. कवड्याला ओंजळभर कोंडा मिळाला तर सुकऱ्याच्या तांबूलाही ओंजळभर मिळालाच पाहिजे. ओंजळ कोणाची धरायची यावरून दोघे एकदा महिनाभर बोलत नव्हते.

राही ही सावळ्याची बायको आणि सुकऱ्याची थोरली बहीण. त्यामुळे कोणतेही भांडण झाले तरी ती दोन्ही पक्षांकडून हरत असे.

"भगताला बोलव," ती म्हणाली.

"भगत कोंबडा घेल. वर दारू घेल."

"मंग ढोर असाच ठेवतोस?"

"जव्हारला ढोरांचा दवाखाना निघालाय. शेटनं काढलाय, आईच्या नावानं. बाजारात दवंडी झालीती. औषध फुकट."

"फुकट कोण देतो?"

"शेट देतो."

"आन शेटला कोण देतो?"

सावळ्याने दावे शोधायला घेतले. कारण उत्तर त्याला माहीत होते. शेटची जव्हारात गवताची वखार होती आणि पाड्यावरचा प्रत्येक माणूस हिवाळाभर शेटसाठी गवत कापत असे.

कवड्याला दावे लावून बाहेर काढले, पण तो चालेना. सगळे आयुष्य त्याने उजव्या अंगाला तांबू घेऊन काढले होते. उजवीकडे कोणी नसताना चालायचे असते हे त्याला माहीत नव्हते. शेवटी सुकऱ्याने तांबूला आणून शेजारी उभे केले आणि तोही बरोबर निघाला, तेव्हा कवड्याने पाय उचलला. तांबू तसा धडधाकट, डोंगराएवढा आणि खायला पुढे. वाटेत लोकांच्या कुंपणांचे शेंडे खात खात तो आजाऱ्याच्या सोबतीला निघाला. भगताचा वाचलेला कोंबडा राहीने वाटखर्चाला म्हणून बरोबर दिला.

दवाखाना गावाबाहेर होता. पुढे कौलारू खोली, मागे गुरांसाठी लांबलचक मांडव. मांडवावर छप्पर होते असे म्हणायला हरकत नव्हती, कारण वासे होते. खोलीच्या ओट्यावर कंपौंडर बसला होता. डॉक्टर नव्हते. दवाखाना गुरांचा होता, पण डॉक्टर शेटच्या घोडीचे होते, आणि त्या आठवड्यात घोडीला शिंका येत होत्या.

कंपौंडरने बसल्याबसल्याच कवड्याकडे पाहिले. "पोटफुगी. औषध देतो. बाटली आणलीत?"

"बाटली कशाला, साहेब?"

"औषध कशात घेणार?"

"दवंडीत तं फुकट बोलला."

"औषध फुकट. बाटली फुकट असं कोण म्हणालं?"

सावळ्याने विचार करून हात पुढे केले. "ओंजळीत द्या."

"आणि बैल काय तुझ्या ओंजळीतून पिणार?"

"कोंडा खातो की."

कंपौंडरने डोळे मिटले. तो मूळचा कल्याणचा. इथे येऊन त्याला वर्ष झाले होते आणि त्यातले बरेचसे त्याने डोळे मिटून काढले होते.

जव्हारात रिकामी बाटली मिळण्याची जागा एकच, दारूचे दुकान. पण दुकानदार रिकामी बाटली विकत नसे. तो भरलेली विके, आणि रिकामी करण्याचे काम गिऱ्हाइकाचे. राहीने दिलेला कोंबडा गेला, बाटली आली. दोघे दुकानाच्या पायरीवर बसले. दारू ओतून टाकावी असे दोघांच्याही मनात आले नाही. येणे शक्यही नव्हते. त्यांनी ती सावडीने, एक घोट याला एक घोट त्याला अशी रिकामी केली. शेवटचा घोट कोणाचा यावर थोडा वाद झाला, पण बैल आजारी आहे हे लक्षात घेऊन सुकऱ्याने तो सावळ्याला दिला.

परत आले तर ओट्यावर साक्षात डॉक्टर उभे! घोडीची शिंक जरा थांबली म्हणून ते पाच मिनिटे आपल्या दवाखान्यात डोकावले होते. सावळ्याने रिकामी बाटली पुढे केली आणि हात जोडले. डॉक्टरांनी नाकाला रुमाल लावला.

"दारू पिऊन दवाखान्यात येता?"

"औषधासाठी प्यालो, साहेब."

"आजारी बैल आहेस का तू?"

"बैल हाय, साहेब. बाटली..."

"शुद्धीवर या, मग पाहू," असे म्हणून डॉक्टर घोडीकडे परत गेले. दोघांनाही वाईट वाटले. एवढ्याशा दारूने त्यांची शुद्ध जात नसे, आणि हे कोणीही सांगितले असते.

आता उरला कंपौंडर. त्याने आत जाऊन हिरवट काळे काहीतरी ढवळले, बाटली भरली आणि कवड्याकडे वळला. तेवढ्यात सुकऱ्या आडवा आला.

"आन माझ्या बैलाला?"

"तुझ्या बैलाला काय झालंय?"

"काय नाय झाला."

"मग?"

"मंग काय? आमची सावड हाय. दाजीच्या बैलाला फुकट औषध, आन माझा बैल काय नुसता बघल?"

"सुकऱ्या," सावळा म्हणाला, "औषध हाय तो. गूळ नाय."

"गूळ असता तं तू एकट्यानं दिला असता."

सावळ्याला हे लागले. सावडीत कोणी असे बोललेले सहन होत नाही. तो कंपौंडरकडे वळला. "द्या, साहेब. त्याच्या बैलालाबी द्या. नायतं ह्यो जन्मभर उकरून काढल."

"निरोगी जनावराला औषध देता येत नाही," कंपौंडर म्हणाला. "काहीतरी दुखणं पाहिजे."

सुकऱ्याने तांबूकडे निरखून पाहिले. तांबू तेव्हा दवाखान्याच्या भिंतीवर वाढलेले गवत उपटून खात होता.

"खातो लय," सुकऱ्या म्हणाला.

"किती?"

"देल तेवढा."

"हे दुखणंच आहे," कंपौंडर म्हणाला आणि आणखी एक बाटलीभर औषध ढवळायला आत गेला. निरनिराळ्या दुखण्यांवर निरनिराळी औषधे असतात असा समज त्याने स्वतःपुरता कधीच सोडून दिला होता. त्याच्याकडे एकच औषध होते, जुलाबाचे.

पहिला मान कवड्याचा. सावळ्याने जबडा धरला, सुकऱ्याने शेपूट, आणि कंपौंडरने बाटली तोंडात उपडी केली. कवड्या असा खोकला की निम्मे औषध कंपौंडरच्या धोतरावर आणि निम्मे जमिनीवर गेले. मग त्याने अंग झाडले, उडी मारली, दावे तोडले आणि आवाराला एक चक्कर घातली. त्या धावपळीत त्याच्या पोटातला वारा दोन्ही बाजूंनी आवाज करीत बाहेर पडला. आवाज एवढा मोठा होता की शेजारच्या घरातून एक बाई बघायला आली. कूस खाली बसली. कवड्या थांबला आणि जमिनीवरचे गवत हुंगू लागला.

"लागू पडलं," कंपौंडर धोतर पिळीत म्हणाला.

तांबूला धरावेही लागले नाही. त्याने आपले औषध घटाघट प्यायले, बाटली चाटली, आणि मग जमिनीवर सांडलेले कवड्याचेही चाटून पुसून घेतले. सुकऱ्याने अभिमानाने सावळ्याकडे पाहिले. आपल्या बैलाला सावडीत जास्त मिळाल्याचा हा पहिलाच प्रसंग होता.

सूर्य कलण्याच्या आत तांबूच्या पोटात कालवाकालव सुरू झाली. तो आधी उभा राहिला, मग बसला, मग पुन्हा उभा राहिला. नंतर जे सुरू झाले त्याचे वर्णन करण्यासारखे नाही. कंपौंडरने दुरून पाहिले आणि बैलाला दवाखान्यात ठेवावे लागेल असे सांगितले. ठेवणेही फुकट होते.

"फक्त मांडव शाकारून घ्या," तो म्हणाला. "भिजेल नाहीतर."

दोघे छपरावर चढले. मांडव शाकारायला घेतला तेव्हा कळले की आधी कंपौंडरच्या घराच्या छपराचा पाखा शाकारायचा असतो, कारण शिडी त्याच्या घरची. तो शाकारून होईपर्यंत तांबू पावसात भिजला. मांडवाला पेंढा उरला तो तांबूच्या फक्त डोक्यावर येण्याइतका. डोके कोरडे ठेवून तांबू बाकीचा भिजत राहिला.

मग चाऱ्याचा प्रश्न आला. दवाखान्यातल्या जनावराला शेटच्या वखारीतलेच गवत घालायचे, बाहेरचे नाही, असा नियम होता. बाहेरच्या गवताने रोग पसरतात.

"शेटचा गवत आमीच कापला हाय," सावळा म्हणाला. "आमच्याच डोंगराचा."

"डोंगरावर होतं तेव्हा बाहेरचं होतं," कंपौंडरने समजावले. "वखारीत आलं की आतलं."

गवताच्या बदल्यात दोघांनी वखारीत भारे बांधले, ते गाड्यांवर चढवले आणि एक गाडी चिखलात रुतली तेव्हा ती खांद्यांनी उचलून काढली. एवढे करून जो भारा मिळाला तो कवड्याने खाल्ला. त्याला कडकडून भूक लागली होती. तांबूने गवताकडे पाहिले आणि मान फिरवली. तांबूने अन्नाकडे पाठ फिरवलेली सुकऱ्याने कधी पाहिली नव्हती. तो हातातली दोरी टाकून धावत आला आणि बैलाच्या तोंडाशी बसला.

"खा रं," तो म्हणाला. "खा. मी काय बोलणार नाय."

सावळा त्याच्याशेजारी बसला.

"मीच मागितला औषध, दाजी."

"तुला काय ठाव?"

"तू बोलला व्हतास. गूळ नाय म्हणून."

"मी बोलतो लय. तुला ऐकायला कोणी सांगितला?"

"ऐकला कुठं?" सुकऱ्या म्हणाला.

दुसऱ्या सकाळी डॉक्टर आले तेव्हा तांबू आडवा पडला होता. त्यांच्या डोक्यावर छत्री होती आणि चेहऱ्यावर समाधान होते, कारण घोडी बरी झाली होती. त्यांनी मांडवाच्या बाहेरूनच तांबूकडे पाहिले, जवळ जाण्याची गरज नाही असे ठरवले आणि मान हलवली.

"फार उशीर केलात. तुम्हा लोकांचं हेच. वेळेवर आणला असता तर वाचला असता."

"आणला तवा चांगला व्हता, साहेब," सावळा म्हणाला.

"मग इतका उशीर का केला?"

डॉक्टरांना उत्तराची अपेक्षा नव्हती. दुपारपर्यंत तांबू गेला.

डॉक्टरांच्या मते रोग संसर्गाचा असण्याचा संभव होता. म्हणून पुरायचे, तेही खोल, आणि वर चुना टाकायचा. चुना शेटच्या वखारीत मिळत होता. खड्डा मालकाने खणायचा. जव्हारची जमीन वरून माती दिसते, पण हातभर खाली कातळ. दोघे खणत राहिले. कातळावर पहार आपटली की ठिणगी उडे. कंपौंडर ओट्यावर बसून बघत होता. संध्याकाळकडे तो खाली आला, त्याने पहार मागून घेतली आणि न बोलता थोडे खणले. तेवढ्यानेच त्याच्या हाताला फोड आला. तो परत ओट्यावर जाऊन बसला. त्या दवाखान्यात त्या दोघांसाठी कोणी फुकट केलेले काम एवढेच.

येताना सुकऱ्याला तांबूच्या जागी, कवड्याच्या उजव्या अंगाने चालावे लागले. त्याशिवाय कवड्या हलत नव्हता.

राही अंगणात उभी होती. तिने दोन माणसे पाहिली, एक बैल पाहिला, आणि वाटेवर मागे कोणी येते आहे का ते पाहिले.

"तांबू कुठं?"

दोघांनी मिळून कवड्याला बांधायला घेतले.

"आजारी तं कवड्या व्हता."

"तो बरा झाला," सावळा म्हणाला.

"मी तांबूचा विचारते."

सुकऱ्या खाली बसला. त्याने डोक्यावरचे फडके काढून तोंडाला लावले. राही त्याला बोलणार होती. तोंडाशी आलेले पुष्कळ होते, भगताच्या कोंबड्यापासून सगळे. पण ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि त्याच्या केसांतला पेंढा एकेक करून काढत राहिली.

रोपे थांबली नव्हती. तिने शेजारपाजारी विचारले, पण या दिवसांत कोणाचा बैल मोकळा? ज्याच्या त्याच्या गळ्यात जू. आता सावडीचा प्रश्न असा की एक बाजू सुकऱ्याने भरायची, आणि सुकऱ्याकडे बैल नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सुकऱ्या खाचरात उतरला आणि जुवाच्या उजव्या बाजूखाली त्याने स्वतःची मान घातली.

"असा नको करू," सावळा म्हणाला.

"हाक," सुकऱ्या म्हणाला.

जू तिरके होत होते. बैलाची मान वर, माणसाची खाली. कवड्या ओढी आणि सुकऱ्या ओढला जाई. तरी दोन तास झाले. सुकऱ्याच्या मानेची साल निघाली, पण खाचराचा एक कोपरा लोण्यासारखा झाला. तेवढ्यात बांधावर शेटची घोडी उभी राहिली. घोडीवर डॉक्टर होते. संसर्गाचा रोग खरेच आहे का हे पाहून या असे शेटने त्यांना सांगितले होते, आणि घोडीलाही बरी झाल्यावर थोडा फेरफटका हवा होता.

"थांबा!" डॉक्टर ओरडले. "हा काय प्रकार?"

"चिखल करतोय, साहेब."

"ते दिसतंय. आत्ता आजारातून उठलेलं जनावर, आणि त्याला नांगराला जुंपता? आणि तेही अशा विजोड जोडीत? जू बघा कसं तिरकं झालंय. त्याच्या खांद्याला सूज येईल. मुक्या प्राण्याचे हे हाल! सोडा आधी त्याला."

सावळ्याने कवड्याला सोडले. डॉक्टर प्रथमच बैलाच्या जवळ आले. त्यांनी त्याच्या मानेवरून हात फिरवला, पापणी उलटून पाहिली, जीभ पाहिली. काम करायचे मनात आले की ते चांगले करीत.

"पूर्ण विश्रांती," ते म्हणाले. "आवणी संपेपर्यंत याच्या मानेवर जू दिसता कामा नये. दिसलं तर बैल दवाखान्यात आणून ठेवीन."

दवाखान्याचे नाव ऐकून सावळ्याने कवड्याचे दावे घट्ट धरले. "नाय साहेब, नाय दिसणार." मग त्याला राहवले नाही. "आन ह्याला, साहेब?"

डॉक्टरांनी सुकऱ्याकडे पाहिले. सुकऱ्या अजून जुवाखाली वाकून उभा होता. मानेवर रक्त आणि चिखल एक झाले होते.

"मी माणसांचा डॉक्टर नव्हे," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच खंत होती. तपासणीची फी म्हणून राहीच्या अंगणातली कोंबडी घोडीच्या खोगिराला बांधून ते गेले.

सावळ्याने घोंगडी बांधावर टाकली आणि जुवाच्या डाव्या बाजूखाली मान घातली. जू सरळ झाले. दोघांची उंची सारखी होती, हे इतकी वर्षे कोणाच्या लक्षात आले नव्हते. पण मग नांगर कोण धरणार? बाईने नांगराला हात लावायचा नाही, अशी पाड्याची रीत होती. राहीने थोडा विचार केला. रीत बैलांच्या नांगराची होती. नवरा आणि भाऊ जुंपलेल्या नांगराबद्दल रीत काही बोलत नव्हती. तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि नांगराची मूठ धरली.

"चला," ती म्हणाली.

पहिल्या कोपऱ्यावरच जोडी फुटली. सावळा डावीकडे वळला, सुकऱ्या उजवीकडे, आणि नांगर जिथल्या तिथे.

"इकडं वळायचा, इकडं!"

"तुझ्याच बाजूला का म्हणून?"

"मागल्या खेपेला तुझ्या बाजूला वळलो!"

"मागली खेप कुठं झाली? ही पहिली हाय!"

"भांडता का ओढता?" राही मागून ओरडली. "माझा हात भरून आला."

दोघांनी ओढले. एक खाचर झाले, मग त्याला लागून असलेले दुसरे. बांधावर कवड्या विश्रांती घेत उभा होता आणि मधूनमधून हंबरत होता. तो कोणाला हाक मारतो आहे हे तिघांनाही माहीत होते, म्हणून तिघांनीही वर पाहिले नाही.

दिवस मावळताना राहीने तेलात हळद कालवून गरम केली. आधी ती नवऱ्याच्या मानेला लावली. मग भावाला पुढे बोलावले.

"हळू, बाय. आग व्हते."

"गप उभा ऱ्हा. तांबू कवा बोलला नाय."

राहीचा हात क्षणभर थांबला. मग तिने आणखी थोडे तेल घेतले, आणि सुकऱ्याने मान खाली घातली, जुवाखाली घालतात तशी.